मुखदर्शनाचे बेट

माउली, एक प्रश्न तुमच्यापुढे ठेवतो. ज्याच्यावर आपला जीव आहे, त्याला हात लावल्याशिवाय आपल्याला राहवत नाही. आणि आपल्यासारख्या लाखोंचे हात लागून लागून तेच झिजू लागले, तर भक्ताने काय करावे? हात आवरावा, की प्रेम खरे असेल तर झीज सोसलीच पाहिजे म्हणावे?

हा प्रश्न पंढरीचा आहे हे तुमच्या लक्षात आलेच असेल. पण त्याचे उत्तर शोधायला मी तुम्हाला आज पंढरीपासून फार दूर नेणार आहे. अंदमानच्या समुद्रात जॉली बॉय नावाचे एक लहानसे बेट आहे. तिथे मंदिर नाही, मूर्ती नाही, संताची समाधी नाही. वस्ती नाही, मुक्कामाची सोय नाही, चहाची टपरीसुद्धा नाही. रस्ता नाही, पूल नाही. जायचे तर होडीनेच. तीर्थांच्या यादीत भर घालावी असा माझा हेतू नाही. आहेत तीच तीर्थे एका जन्माला पुरून उरतील. पण त्या बेटावर जे पाहिले, त्यात वारकऱ्याने विचार करावा असे काही आहे.

आमच्या अकोला-अमरावतीच्या भजनी मंडळातल्या एका जुन्या माळकऱ्याचा मुलगा नोकरीनिमित्त अंदमानात आहे. त्याच्या आग्रहाने आम्ही चौदा जण निघालो. कार्तिकी आटोपली होती, माघी पुढे होती, कापसाचे वेचे उरकत आले होते. बडनेऱ्याहून रेल्वेने कोलकाता आणि तिथून विमान. पोर्ट ब्लेअरला २०२४ पासून श्रीविजयपुरम म्हणतात. कोलकात्यापासून ते सुमारे बाराशे किलोमीटर. जहाजाने जायचे तर तीन-चार दिवस लागतात. एकेकाळी या वाटेने माणसे बेड्या घालून नेली जात. सेल्युलर जेलच्या कोठड्या आम्ही पाहिल्या, सावरकर बंधूंच्या आठवणीने हात जोडले. पण त्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून इथे थांबत नाही.

शहरापासून पंचवीस-तीस किलोमीटरवर वंडूर नावाचा धक्का आहे. तिथून महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान सुरू होते. १९८३ साली सरकारने पंधरा बेटे आणि भोवतालचा समुद्र मिळून सुमारे २८१ चौरस किलोमीटरचा हा पट्टा राखून ठेवला. उद्यान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कारंजे आणि झोपाळे येतात. इथे उद्यान म्हणजे पाण्याखालचे रान. आपल्या मेळघाटात जसा वाघ राखला आहे, तसे इथे पोवळे राखले आहे. अंदमानात काही वर्षांपूर्वी पाण्यावर उतरणारे विमानही चालू झाले होते, 'जलहंस' नावाचे. पोर्ट ब्लेअरहून ते हॅवलॉककडे जाई. जॉली बॉयला मात्र वाट एकच, होडीची, आणि तीही वनखात्याचा परवाना हाती असेल तरच.

होडीत पाय ठेवण्याआधी धक्क्यावर पिशव्या तपासतात. प्लॅस्टिकची पिशवी, फरसाणाचे पाकीट, बिस्किटाचा पुडा, सगळे बाहेर. पाण्याची बाटली न्यायची तर अनामत ठेवायची आणि बाटली परत आणून दाखवली की पैसे परत घ्यायचे. आमच्यातल्या एक मावशी पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातल्या. त्यांच्या गावात विहिरीचे पाणी खारट, गोड्या पाण्याची वाट पाहण्यात जन्म गेलेला. त्या पाण्याची बाटली हातची सोडीनात. मग स्टीलची बरणी भरून घेतली, चिवडा डब्यात ओतला, हळदीकुंकवाची पुडी उघडून पदराच्या गाठीत बांधली. तपासणारा पोरगा हसला. मावशी म्हणाल्या, "बाप्पा, आमच्या गाडगेबाबाईचं राज्य दिसते इथं!"

माउली, मावशी थट्टेत बोलल्या, पण खरे बोलल्या. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी १८७६ साली जन्मलेला आणि १९५६ साली वलगावजवळ देह ठेवलेला हा आपला खराटेवाला संत पंढरपुरात काय करी? लाखो लोक दर्शनाच्या ओढीने राउळाकडे धावत, आणि बाबा वाळवंट झाडत. भक्तांच्या मागे जी घाण उरे, ती काढणे हीच त्यांची पूजा. पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक इथे त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या आणि स्वतःसाठी झोपडीही बांधली नाही. देवाच्या दारी जाताना काय न्यावे याचा विचार आपण पुष्कळ करतो. मागे काय ठेवून येतो याचा विचार बाबांनी केला. वंडूरच्या धक्क्यावर तोच विचार सरकारी नियम होऊन उभा आहे.

होडी निघाली. दोन्ही बाजूंना खाजणातली झाडे. त्यांना तिवर म्हणतात, खारफुटी म्हणतात. मुळे चिखलातून वर निघालेली, जणू झाड पाय उचलून उभे आहे. खाऱ्या पाण्यात आपल्या शेतात तण उगवेना, आणि इथे रान माजलेले पाहून मावशींचा विश्वास बसेना. तासाभराचा तो प्रवास. कोणीतरी चिपळ्या काढल्या आणि आम्ही हरिपाठ म्हटला. होडीचे इंजिन आपल्या तालात, आम्ही आमच्या. मग बेट दिसले. पांढरी वाळू, मागे गर्द झाडी, आणि पुढे पाणी इतके स्वच्छ की आधी निळे, मग हिरवे, मग काहीच रंग नाही.

बेटाला धक्का नाही. मोठी होडी अलीकडेच थांबते. तिथून लहान होडीत उतरायचे. या होडीच्या तळाला काच बसवलेली असते. काचेभोवती सगळे गोल बसतात आणि माना खाली घालून पाहतात. मला एकदम आपली दर्शनबारी आठवली. कोणी सांगितले नव्हते, तरी प्रत्येकाचे मस्तक वाकलेले.

काय दिसले? पोवळे. पोवळे आपल्याला ठाऊक आहे ते अंगठीतले. मंगळ जड असला की घालतात ते तांबडे. इथले पोवळे दुसऱ्या जातीचे, आणि जिवंत. कुठे हरणाच्या शिंगांसारखे, कुठे मेंदूसारखे वळ्यावळ्यांचे, कुठे थाळीसारखे पसरलेले. मधून रंगीत मासे हिंडताहेत. दिसायला झाड किंवा दगड; पण ते झाडही नाही आणि दगडही नाही. तो जीव आहे. एक नव्हे, हजारो. एकेक इवलासा जीव स्वतःभोवती चुन्याचे घर बांधतो. तो मेला की घर राहते. त्याच्यावर पुढचा जीव बसतो आणि आपले घर बांधतो. असे शेकडो वर्षे चालले की त्याचा खडक होतो. वरचा थर तेवढा जिवंत, खाली सगळी पूर्वजांची हाडे. आपल्या दिंडीचे तरी दुसरे काय आहे? आज जे चालताहेत ते थोडे. त्यांच्या पायाखाली चालून गेलेल्यांच्या पिढ्या. कौंडण्यपूरची पालखी चारशे वर्षांहून जुनी सांगतात. आपण तिचा वरचा थर.

आणखी एक गोष्ट होडीवाल्याने सांगितली, ती ऐकून आमच्यातले म्हातारे टाळकरी गप्प झाले. या पोवळ्याच्या शरीरात फार बारीक, डोळ्याला न दिसणारे शेवाळ राहते. ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते आणि पोवळ्याला देते. पोवळे त्याला आसरा देते. पोवळ्याचा बराचसा रंगही या पाहुण्याचाच. एकाशिवाय दुसऱ्याचे चालत नाही. कोण यजमान आणि कोण पाहुणा, हे सांगता येऊ नये असा संसार.

आता या पोवळ्याला हात लावला तर? पाय ठेवला तर? फांदी मोडते. काही जातींची फांदी वर्षाला काही सेंटीमीटर वाढते, गोलसर पोवळे तर त्याहून कितीतरी हळू. माणसाच्या एका पावलाखाली अनेक वर्षांची घडण जाते. म्हणून तिथला नियम असा: पाहा, पण स्पर्श करू नका.

म्हणजे फक्त मुखदर्शन.

माउली, इथे क्षणभर थांबू. विठोबाच्या पायांवर डोके ठेवायला मिळते हे आपल्या पंथाचे केवढे भाग्य! त्यासाठी आपण तासन्‌तास बारीत उभे राहतो. तेवढी सवड नसली की मुखदर्शन घेऊन येतो आणि मनाला थोडी चुटपुट राहते. पण मूर्तीची झीज होते, म्हणून तिला एकाहून अधिक वेळा लेप द्यावा लागला हे आपण जाणतो. २०२४ साली गाभाऱ्याच्या संवर्धनाच्या कामासाठी पदस्पर्श दर्शन काही आठवडे बंद होते, मुखदर्शनच होते. तेव्हा पुष्कळांनी हळहळ केली. देव झिजतो तो कोणाच्या वैराने नव्हे, आपल्याच प्रेमाने झिजतो. हे सोसायला कठीण सत्य आहे.

तुमच्यापैकी कोणी म्हणेल, दूर उभे राहा असे सांगणाऱ्यांचा इतिहास आम्हाला ठाऊक आहे. रास्त आहे. चोखोबांना आत पाऊल टाकता आले नाही. त्यांची समाधी महाद्वारापाशी आहे. विठ्ठलाचे दार सर्वांना उघडे व्हावे म्हणून साने गुरुजींना १९४७ साली उपोषण करावे लागले. म्हणून 'हात लावू नका' हे शब्द वारकऱ्याच्या कानाला सहज गोड लागायचे नाहीत, लागूही नयेत. पण दोन गोष्टींतला फरक पाहा. तिथे काही माणसे आत होती आणि इतरांना बाहेर ठेवत होती. ते अंतर माणसाने माणसात घातलेले होते. या बेटावर आत कोणीच नाही. परवाना देणारा अधिकारीही पोवळ्याला हात लावत नाही, श्रीमंत प्रवासीही नाही आणि आमच्या मावशीही नाहीत. सगळे सारखेच दूर, आणि ज्याच्यावर प्रेम आहे त्याच्यासाठी दूर. पहिले अंतर अहंकाराचे, दुसरे मायेचे. ताप आलेल्या लेकराला झोप लागली की आई त्याच्या कपाळावरचा हात अलगद काढून घेते, तसे.

वाळूवर उतरल्यावर मावशींना एक शंख सापडला. सुपारीएवढा, वर तपकिरी रेघा. त्यांचे डोळे चमकले. नातवाला दाखवायला एवढा एक न्यावा. तिथे वनखात्याचा एक रखवालदार होता. त्याने हात जोडून हिंदीत सांगितले की अम्मा, शंख-शिंपले, पोवळ्याचा तुकडा, काहीच नेता येत नाही. मेलेले पोवळेसुद्धा नाही. कायद्याने मनाई आहे, विमानतळावरही तपासतात.

मावशी म्हणाल्या, "रिकामाच तं हाये. कोनाले लागते बाप्पा आता हा?"

रखवालदाराने त्यांना थोडे पुढे नेले आणि वाळूकडे बोट दाखवले. तसलेच तीन-चार शंख तुरुतुरु चालत होते. आत खेकडे. ही एक जात आहे, तिच्या अंगाचा मागचा भाग मऊ असतो, त्याला स्वतःचे कवच नाही. मग हा खेकडा मेलेल्या गोगलगाईचा रिकामा शंख शोधतो आणि त्यात शिरून राहतो. अंग वाढले की तो शंख सोडतो आणि त्याहून मोठा शोधतो. सोडलेल्यात त्याच्याहून लहान दुसरा येतो. रिकामे शंख कमी पडले तर त्यांना उघड्यावर राहावे लागते आणि उघड्यावर कोणीतरी खाऊन टाकतो.

मावशी बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी हातातला शंख होता तिथे, तशाच तोंडाने, वाळूत ठेवला. म्हणाल्या, "म्हंजे धरमशाळा हाये म्हना. धरमशाळा कोनी घरी नेते का?"

माउली, मी पुष्कळ कीर्तने ऐकली आहेत. अपरिग्रहावर याहून नेमके बोल फार थोडे ऐकले. आपल्याला जे 'रिकामे' दिसते, ते कोणाचे तरी उद्याचे घर असते. शेताच्या बांधावरचे वाळके झाड आपल्याला सरपण दिसते, पिंगळ्याला ते घर असते. नाल्यातली रेती आपल्याला घराचा स्लॅब दिसते, पावसाच्या पाण्याला ती मुरायची जागा असते. पंढरीत धर्मशाळेतली खोली सोडताना पुढच्याचा विचार करून झाडून सोडणारा वारकरी आणि तो खेकडा, दोघांचा धर्म एकच.

मावशींची हळदीकुंकवाची गाठ पदरातच राहिली. समुद्राची ओटी भरायची त्यांची इच्छा होती. त्या पाण्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या, नुसते हात जोडले आणि गाठ तशीच परत आणली. "त्याले काय कमी हाये?" एवढेच म्हणाल्या.

आता जड गोष्ट सांगतो. एवढे राखूनही ते पोवळे सुखरूप नाही. काचेतून आम्हाला रंगीत पोवळे दिसले तसे मोठमोठे पट्टे मेलेल्या, करड्या पोवळ्याचेही दिसले. समुद्राचे पाणी नेहमीपेक्षा एखाद-दोन अंशांनी तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, की पोवळे आपल्या अंगातले ते शेवाळ बाहेर टाकते. रंग जातो, पांढरे हाड दिसू लागते. पाणी वेळेत निवले तर शेवाळ परत येते आणि पोवळे वाचते. नाही निवले तर ते उपाशी मरते. अंदमानात २०१० साली असे फार मोठ्या प्रमाणावर झाले. २०१६ सालीही पोवळी पांढरी पडली. तिथे कोणी हात लावला नव्हता, कोणी पाकीट टाकले नव्हते. ऊन मात्र साऱ्या जगातून आले.

अकोल्याच्या माणसाला उन्हाबद्दल वेगळे सांगायला नको. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि दुपारी रस्ते ओस पडतात. आपल्याकडे झाडाखाली सरकता येते, पाणी पिता येते. पोवळ्याला पाय नाहीत. ज्याला जागा सोडता येत नाही, त्याच्या वतीने इतरांनी आवरायचे असते. हा हिशेब एका बेटाच्या नियमाने मिटणारा नाही. तो प्रत्येक घराच्या, प्रत्येक गावाच्या वागण्यापर्यंत येऊन पोहोचतो. धूर कुठेही निघो, जगाचे आभाळ एकच आहे. सर्वांभूती हरी पाहायचा, तर त्या भूतांत डोळ्याला न दिसणारे शेवाळही आले.

तरी एक गोष्ट मनाला उभारी देणारी होती. जॉली बॉय वर्षभर उघडे नसते. पावसाळ्याच्या महिन्यांत ते बंद ठेवतात आणि तेव्हा रेड स्किन नावाचे शेजारचे बेट लोकांना दाखवतात. मग हिवाळ्यात पुन्हा जॉली बॉय उघडते आणि रेड स्किन निवांत होते. शेतकरी जसे एखादे वावर पडीक ठेवून त्याला दम खाऊ देतो, तसे.

वारकऱ्याला हे नवीन वाटू नये. आषाढीच्या आधी विठ्ठलाचा पलंग काढतात. देव झोपत नाही. रात्रंदिवस लेकरांसाठी उभा राहतो. यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते. देवाला ऊन पाण्याने स्नान घालतात, शीण जावा म्हणून काढा देतात, पलंग पुन्हा मांडतात आणि देव विश्रांती घेतो. आपल्या पूर्वजांना हे कळले होते की भक्तांना दर्शन देऊन देवसुद्धा थकतो आणि त्याला विसावा देणे हाही सेवेचाच भाग आहे. देवाला श्रम होतात असे ज्यांनी मानले, त्यांना नदी थकते, डोंगर थकतो, वाळवंट थकते हे मानायला कितीसे जड जावे?

म्हणून माझे मागणे साधे आहे. येत्या वारीत चंद्रभागेच्या काठी उभे राहाल तेव्हा तिचीही प्रक्षाळपूजा आपल्याकडे लागते हे ध्यानात असू द्या. स्नान करा, पण जुना कपडा तिच्यात सोडू नका. दिवा लावायचा तर पानाच्या द्रोणात, कागदी प्लॅस्टिकच्या नव्हे. निर्माल्य घरी आणून तुळशीच्या मुळाशी घाला; ती काही कमी पवित्र जागा नाही. दिंडीचा मुक्काम उठल्यावर शेवटच्या दोघांनी मागे राहून ज्याच्या वावरात उतरलो त्याचे वावर झाडून निघावे. आपल्याकडच्या काही दिंड्यांत ही रीत आहे, ती सगळ्यांत यावी. पदस्पर्श मिळाला तर डोके ठेवा, फूल-नाणे न घासता. आणि एखाद्या वर्षी मुखदर्शनच मिळाले, तर चुटपुट लावून घेऊ नका. ज्याचे रूप डोळ्यांत साठवून वर्ष काढायचे, त्याला डोळ्यांनीच भेटलो, एवढे म्हणा. तो कंबरेवर हात ठेवून उभा आहे. त्यानेही आपले हात आवरूनच धरले आहेत, आणि तरी त्याची माया आपल्याला कधी कमी पडली नाही.

रामकृष्ण हरी.